हरणं न आवडणारे सोवनी सर

सोवनी सरांना हरणं आवडत नसे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्यांच्या माघारी लोक त्यांचा देवमाणूस करून टाकतात, आणि ते तसे नव्हते. गाडीत पत्त्यांचा डाव रंगात आला आणि आपल्यावर बाजू उलटते आहे असं दिसलं, की ते हातातली पानं खाली टाकून म्हणत, "धक्का बसला गाडीला. पानं दिसली सगळ्यांना. पुन्हा वाटा." गाडी तेव्हा कामशेतला उभी असली तरी म्हणत. आम्ही कुणी हसलो की चष्म्यावरून असे बघत, की पुढच्या तासाला फळ्यापुढं कुणाला उभं राहावं लागणार ते लगेच कळे.

ही एकोणीसशे तिसानंतरची गोष्ट. विजेचं इंजिन आमच्या मार्गावर अजून नवलाचं होतं. लोणावळ्याहून सकाळच्या गाडीनं पुण्याला कॉलेजात जाणारी आम्ही थोडी मुलं. पुढं मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव असे एकेक जण चढत जायचे. कॉलेजातली शहरी मुलं आम्हाला 'गाडीवाले' म्हणत. संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून आम्ही कुठल्याच नाटकात नसू, वादसभेत नसू, क्रिकेटच्या मैदानावर तर नसूच. आमच्याबरोबर जाणारे-येणारे एकच प्राध्यापक होते, ते सोवनी सर. गणित शिकवत.

बुटकी मूर्ती, तपकिरी कोट, काळी टोपी आणि बाराही महिने छत्री. कोटाच्या उजव्या खिशात खडू आणि फुटाणे एकत्र. त्यामुळे सरांनी दिलेल्या फुटाण्यांना नेहमी खडूची पांढरी भुकटी लागलेली असे, आणि ते आम्ही फुंकून खात असू. 'शाब्बास' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. गणित बरोबर आलं तरी "बरं. पुढं?" आणि चुकलं तरी "बरं. पुढं?" पहिल्या वर्षाच्या मुलांना ते अपमानासारखं वाटे. नंतर कळे, की पुढं आहे असं त्यांना खरोखरच वाटतं.

सर लोणावळ्याचे नव्हते. पत्नीला क्षयानं धरलं, डॉक्टरांनी डोंगरावरची हवा सांगितली, म्हणून त्यांनी तुंगार्लीच्या अंगाला एका बंगल्याची मागची बाजू घेतली होती. आमच्या आईचं तिकडं जाणं-येणं होतं. ती सांगायची, "बाईंचं सगळं ते स्वतः करायचे. एकदा थर्मामीटर फुटला, तर नवा येईपर्यंत नुसता हात लावून ताप सांगायचे. आणि डॉक्टर येऊन मोजायचा तेव्हा तेवढाच भरायचा." तीन वर्षं असं चाललं. बाई गेल्या. सर पुण्याला परत जातील असं सगळ्यांना वाटलं, पण ते राहिले. पत्नीबद्दल ते कधी बोलत नसत.

आमच्या गाडीतला महादू भाज्याचा. मळवली स्टेशनात उतरून डोंगराकडे चालत गेलं की त्याचं गाव. वडील येसू आबा, आंबेमोहराची थोडी खाचरं, दोन बैल, आणि गावातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा हा. भाजे, पाटण, देवले, आजूबाजूच्या सगळ्या गावांना तो माहीत होता. स्टेशनवर त्याला सोडायला कुणी येत नसे, पण वाटेत शेतात असलेला प्रत्येक माणूस हाक मारी, "निगाला का रं कालिजात?" आणि तो प्रत्येकाला, "व्हय जी" म्हणून येई. वर्गातसुद्धा इंग्रजीच्या प्राध्यापकांनी हजेरी घेतली की तो 'येस सर'च्या जागी "व्हय सर" म्हणायचा. मुलं हसत. तोही हसायचा. लाज वाटणं हा प्रकारच त्याच्यात नव्हता.

त्याची आणि सरांची गाठ पडली ती मळवलीच्या फलाटाशेजारी. गाडी यायच्या आधी महादू आणि गावातली पोरं तिथल्या मातीत हुतूतू खेळत. गाडी आली की महादू कपडे झटकून चढे. एके दिवशी गाडी काही कारणानं तिथं रेंगाळली, खेळ चालूच राहिला. सर खिडकीतून बघत होते. महादू चढाईवर होता. त्याचा दम अगदी खालच्या आवाजात असे, भुंगा घुमावा तसा. चार-पाच पोरांनी त्याला कोंडलं, एकानं पायाला मिठी घातली, आणि तो त्या मिठीसकट, सगळ्यांना ओढत, मधल्या पाटीपर्यंत, त्या आखलेल्या रेषेपर्यंत आला. घुमणं थांबलं नव्हतं.

सर उठले, छत्री घेतली आणि खाली उतरले. गाडी सुटली तरी ते तिथंच उभे. त्या दिवशी गणिताचा तास झाला नाही. मी कॉलेजात आल्यापासून चुकलेला त्यांचा तो पहिलाच तास.

मागच्या गाडीनं महादूला घेऊन ते थेट प्राचार्यांकडे गेले. दाराशी आम्ही दोघं-तिघं होतो, म्हणून मला हे ऐकून ठाऊक आहे.

"आपल्याला हुतूतूचा संघ काढायचाय," सर म्हणाले.

"अहो सोवनी, कॉलेजात क्रिकेट आहे, टेनिस आहे," प्राचार्य म्हणाले.

"आहे. पण त्यात आपण हरतो."

असा आमचा संघ निघाला. निम्म्याहून अधिक गडी गाडीवालेच. संध्याकाळच्या गाडीआधी जो वेळ मिळे तेवढ्यात पुणे स्टेशनच्या मालधक्क्यामागं आम्ही खेळत असू, आणि रविवारी भाज्याला येसू आबांच्या खळ्यावर. मी संघात होतो तो बहुतेक सगळ्यांचे कोट सांभाळायला. सरांना खेळ येत नव्हता. खेळायचा त्यांनी कधी प्रयत्नही केला नाही. खळ्याच्या कडेला छत्री टेकून ते उभे राहत आणि एखादा गडी बाद झाला की विचारत, "तू मागं का सरकलास?" उत्तर आलं नाही तर खेळ तिथंच थांबे. उत्तर येईपर्यंत थांबे. येसू आबा बांधावर बसून हे बघत आणि बायकोला म्हणत, "मास्तर पोरास्नी खेळाचा बी धडा घालतोय बग." महादूची आई कोंडाबाई काही बोलत नसत. खेळ संपला की त्या सगळ्यांना ताक देत, सरांना पहिल्यांदा.

पहिल्या वर्षी कॉलेजांच्या स्पर्धेत आम्ही शेवटच्या सामन्याच्या आधीच्या सामन्यात हरलो. परतीच्या गाडीत सर खिडकीकडे तोंड करून बसले. शिवाजीनगर, चिंचवड, देहूरोड गेलं. सरांनी फुटाणेही काढले नाहीत. आम्हाला वाटलं, संघ मोडला. तळेगावला गाडी थांबली तेव्हा आमच्याकडे वळून म्हणाले, "बरं. पुढं?" महादू एवढ्या जोरानं हसला की शेजारच्या डब्यातली माणसं वाकून बघायला लागली.

दुसऱ्या वर्षी आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो. समोर शहरातलं मोठं कॉलेज, वर्षानुवर्षं स्पर्धेची ढाल त्यांच्याकडे. पौषातले दिवस, मावळात हाडं गोठवणारी थंडी. त्या सकाळी मळवलीला महादू गाडीत चढला तो कानाला मफलर गुंडाळून. खिडकी सोडून आतल्या अंगाला बसला. पुढच्या स्टेशनांवरची मुलं चढत गेली, गलका वाढत गेला, पण तो डोळे मिटून होता. सरांनी खिशातले फुटाणे काढून सगळ्यांना वाटले. महादूच्या हातावर ठेवताना त्यांचा हात तिथं थांबला.

"ताप आहे का रे?"

"न्हाई सर. बिगीबिगी चालत आलो, आंग तापलंय."

सरांनी त्याचा हात धरून ठेवला. समोर बसल्यामुळे मला दोघांचेही चेहरे दिसत होते. महादू हसत होता. सर हसत नव्हते. मग त्यांनी हात सोडला. "बरं," म्हणाले, आणि टोपी सारखी करत खिडकीबाहेर बघायला लागले.

सामन्याबद्दल पुढं मावळात पुष्कळ सांगितलं गेलं, आणि दर सांगण्याला महादूनं मारलेले गडी वाढत गेले. मी पाहिलं ते एवढंच. मध्यंतरापर्यंत आम्ही मागं होतो. नंतर आमचे एकेक गडी बाद होत गेले आणि आमच्या अंगणात महादू एकटा उरला. तो बाद झाला असता तर सगळं संपलं असतं. मैदानाच्या कडेला शहरी मुलांनी आधीच टोप्या उडवायला सुरुवात केली होती. तो चढाईला गेला. घुमणं इतकं बारीक, की पहिल्यांदा वाटलं दम सुटला. कोपऱ्यातल्या दोघांना त्यानं शिवलं, तिसऱ्यानं कमरेला धरलं, चौथा अंगावर पडला. सगळा ढीग मातीत कोसळला. आणि त्या ढिगातून एक हात पाटीच्या अलीकडे आला. पंचानं खाली वाकून कान लावला. दम चालू होता.

तिथून सामना फिरला. आम्ही जिंकलो. मुलांनी महादूला उचललं. मी सरांकडे पाहिलं. छत्री खाली पडली होती, दोन्ही हात वर होते, आणि ते ओरडत होते. काय ओरडत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी गाडी मळवलीला आली तेव्हा सगळा फलाट माणसांनी भरला होता. हलगी, लेझीम, गुलाल. कुणीतरी आधीच्या गाडीनं बातमी आणली होती. भाज्याचेच नाही, पार पवनेकडच्या गावांतून माणसं आली होती. बैलगाडी सजवून आणली होती, पण महादूला गाडीत कोण बसवतो? खांद्यावरून खांद्यावर तो गावाकडे निघाला. आम्ही सगळे उतरलो. सरही उतरले. येसू आबांनी त्यांच्या टोपीवर मूठभर गुलाल टाकला. एरवी टोपीवर धूळ बसली तरी झटकणारे सर तसेच चालत राहिले. डोंगरावरून वारं सुटलं होतं. महादूचा मफलर कुणीतरी फेट्यासारखा डोक्यावर गुंडाळून नाचत होता, आणि महादूच्या अंगात नुसता एक सदरा होता.

दुसऱ्या दिवशी तो गाडीला आला नाही. दमला असेल, असं आम्ही म्हणालो. त्याच्या पुढच्या दिवशी मळवलीला एका माणसानं खिडकीशी येऊन सांगितलं, "म्हादूला लय ताप हाय. बडबडतोय." सर तिथंच उतरले, उलट गाडीनं लोणावळ्याला गेले आणि डॉक्टरांना घेऊन भाज्याला पोचले. दुखणं छातीत उतरलं होतं. त्या काळी न्यूमोनियावर आजच्यासारखी औषधं नव्हती. शेक, लेप, आणि वाट बघणं. सर कॉलेजात आले नाहीत. कोंडाबाई उशाशी बसल्या होत्या आणि सर पायथ्याशी, असं आम्हाला नंतर समजलं. वारंवार त्याच्या पायाला हात लावून बघायचे.

एका सकाळी गाडी मळवलीला थांबली आणि फलाटावर कुणी नव्हतं. एक पोर्टर तेवढा होता. त्यानं आमच्याकडे बघून नुसती मान हलवली. आम्ही उतरलो. मागच्या गाडीनं कामशेतचे आले, वडगावचे आले, तळेगावचे आले. ज्या वाटेनं आठवड्यापूर्वी लेझीम गेलं होतं तिच्यावर अजून गुलाल होता. शेतात कुणी नव्हतं. एकाही गावात त्या दिवशी औत धरलं नाही की दुकान उघडलं नाही. ओढ्याकाठी माणसं मावेनात, आणि एवढी माणसं असून आवाज नव्हता. येसू आबा अग्नी देऊन मागं फिरले आणि कुणाच्याच आधाराला न थांबता सरळ घराकडे चालत गेले.

माणसं आवाज काढायला लागली ती नंतर. कुणी म्हणे दृष्ट लागली. कुणी म्हणे, एका दमात एवढे गडी ओढले, काळीज फाटलं. हुतूतूनं पोर मारलं, असं बायका पाणवठ्यावर बोलायला लागल्या. गावोगावच्या आयांनी पोरांना खेळायची बंदी केली. मळवलीच्या फलाटाशेजारची माती मोकळी पडली.

तेराव्यानंतर भाज्याच्या देवळापुढं शोकसभा झाली. प्राचार्य पुण्याहून आले. त्यांनी छान भाषण केलं. नियतीचा घाला, उमलती कळी, कॉलेजच्या इतिहासात अजरामर, असं सगळं. ती ढाल त्यांनी येसू आबांपुढं धरली. आबांनी हात जोडले, पण घेतली नाही. मग प्राचार्य म्हणाले, "आता प्राध्यापक सोवनी दोन शब्द बोलतील."

सर उभे राहिले. छत्री बरोबर नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळेना.

"खेळानं महादू गेला नाही," ते म्हणाले. "तेव्हा पोरांना खेळू द्या. महादूला सामन्याच्या दिवशी सकाळपासून ताप होता. गाडीत मी त्याचा हात हातात घेतला होता. त्यानं नाही म्हणून सांगितलं. पण मला ताप हाताला कळतो. तीन वर्षं माझ्या घरात मी दुसरं काही केलेलं नाही. मला कळलं होतं. त्याला खाली बसवलं तर आपण हरू, हेही कळत होतं. म्हणून मी त्याचं खरं मानलं. मला जिंकायचं होतं."

ते बसले नाहीत. तसेच उभे राहिले, जणू पुढं जे काही होईल ते उभ्यानं घ्यायचं होतं. प्राचार्य जमिनीकडे बघत होते. मागच्या बाजूला बसलेल्या तरुणांत कुजबुज उठली, एक जण तावातावानं उठलासुद्धा. येसू आबांनी हात वर करून त्याला बसवलं. मग ते स्वतः उठले.

"मास्तर, त्या दिशी सकाळी त्याची आय म्हनली व्हती, पोराचं आंग कडत लागतंय, धाडू नगा. पोरगं म्हनलं, मी जानार. त्याला म्या घरात कोंडू शकलो आसतो. बाप हाय म्या. पन समदा मावळ वाट बगत व्हता." ते सरांकडे वळले. "मला बी वाटलं, जाऊ दे. जिकून यील."

दोघं समोरासमोर उभे. आबा सरांच्या जवळ गेले आणि त्यांचा दंड धरला. बसलेल्या माणसांतून एक मोठा श्वास सुटल्यासारखं झालं. आता सगळं मिटलं, असं मलाही वाटलं.

तेवढ्यात बायकांमधून कोंडाबाईंचा आवाज आला. त्या उठल्या नव्हत्या. पदर कपाळावर ओढलेला, तोंड दिसत नव्हतं.

"तुमी दोगं घ्या वाटून," त्या म्हणाल्या. "मला कुनी इचारलं न्हाई."

सभा तशीच उठली.

सरांनी संघाचं काम सोडत असल्याचं प्राचार्यांना सांगितलं. प्राचार्य म्हणाले, तुम्ही नसाल तर संघ बंद. महिनाभर काही ठरेना. शेवटी येसू आबाच एका सकाळी मळवलीला गाडीच्या खिडकीशी आले. "मास्तर, खळं रिकामं पडलंय. पोरं इचारत्यात," एवढं बोलून ते निघूनही गेले. पुढच्या रविवारी आम्ही भाज्याला गेलो. कोंडाबाई घरातून बाहेर आल्या नाहीत. ताक आलं नाही. सर खेळ संपल्यावर उंबऱ्याच्या बाहेर थोडा वेळ उभे राहिले आणि निघाले. त्यानंतर खेळ असो-नसो, दर रविवारी ते मळवलीला उतरत. गेल्यावर काय करत? काही नाही. आबांजवळ ओट्यावर बसत. आबा दोरखंड वळत, सर बघत. वर्ष उलटून गेलं असेल. एका सोमवारी गाडीत पत्ते पिसता पिसता ते मला अचानक म्हणाले, "काल पाणी मिळालं."

"कुठं, सर?"

"भाज्याला. महादूच्या आईनं तांब्या आणून ओट्यावर ठेवला." आणि पानं वाटायला लागले.

माझ्या शेवटच्या वर्षी आम्ही पुन्हा शेवटच्या सामन्यात होतो. आता आमचा हुकमी गडी म्हणजे वडगावचा शंकर. महादूइतका नाही, पण चपळ, आणि रागीट. सामन्याआधी सर प्रत्येक गड्याचा हात धरून बघत, हा आता नेमच झाला होता. शंकरचा हात धरला आणि म्हणाले, "तू बसायचं."

"सर, नुसती कसर आहे. मला काही होत नाही."

"बस."

"सर, आपण हरू!"

"हरू."

शंकर रडला, त्यानं सरांना नको ते शब्द वापरले, मुलांनी प्राचार्यांना बोलावून आणलं. प्राचार्यांनी सरांना बाजूला घेऊन पुष्कळ समजावलं. सर ऐकत होते आणि मान नाही म्हणून हलत होती. आम्ही हरलो, आणि अगदी थोडक्यात हरलो. शंकर खेळता तर जिंकलो असतो, यात शंका नव्हती. सामना चालू असताना सरांच्या कपाळावरची शीर उडत होती, ओठ दातांखाली होता. त्या माणसाला ते हरणं किती जड गेलं हे सगळ्या मैदानाला दिसत होतं.

परतीच्या गाडीत शंकर तोंड फिरवून बसला होता. सर उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि खिशातले फुटाणे त्याच्यापुढं धरले. त्यानं घेतले नाहीत. सरांनी हात तसाच ठेवला.

"त्या ढालीवर आता आपलं नाव नाही," शंकर म्हणाला.

"नाही," सर म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीला येशील ना?"

शंकरनं त्यांच्याकडे पाहिलं. मग एक फुटाणा उचलला, फुंकला आणि तोंडात टाकला.

पुढं मी रेल्वेत लागलो आणि भुसावळकडे गेलो. सर निवृत्त झाल्याचं कळलं. पुण्याला गेले नाहीत, तुंगार्लीतच राहिले, असंही कळलं. लढाईची वर्षं आली, रजा मिळेना, गाठ पडेना. घरी यायचो ते धावतपळत.

लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. मी पुण्याहून मेलनं लोणावळ्याला येत होतो. मेल मळवलीला थांबत नाही, पण त्या दिवशी सिग्नल मिळाला नाही म्हणून स्टेशनच्या थोडं अलीकडेच गाडी उभी राहिली. भात कापून झालं होतं. रुळांपासून थोड्या अंतरावर एका खाचरात तात्पुरतं खळं केलेलं होतं आणि तिथं तीन माणसं दिसली. केस पांढरे झाले होते तरी येसू आबांना मी चालीवरून ओळखलं. ते पेंढ्या उचलत होते. कोंडाबाई वाऱ्याच्या तोंडाला उंच तिवईवर उभ्या राहून सुपानं भात उपणत होत्या. आणि त्यांच्यासमोर, जिथं उभं राहू नये नेमकं तिथं, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेले सोवनी सर केरसुणी घेऊन पडलेलं भात गोळा करत होते.

वरचा सगळा भुसा सरांच्या अंगावर येत होता. कोंडाबाई सूप थांबवून काहीतरी ओरडल्या आणि हातानं दाखवलं, बाजूला व्हा. सर लगबगीनं बाजूला झाले, पण उलट्या बाजूला. पुढचं सूप पुरतं त्यांच्या डोक्यावर पडलं. टोपी, चष्मा, मिशा, सगळं पिवळं. ते तसेच, केरसुणी धरून, वर बघत उभे राहिले. येसू आबा पेंढी टाकून खाली बसले आणि मांड्यांवर हात मारायला लागले. कोंडाबाईंनी पदर तोंडाशी नेला. तिवईवर त्यांचे खांदे हलत होते.

मी खिडकीतून हाक मारली, पण वारा माझ्याकडे येणारा होता. सिग्नल पडला. गाडी हलली तेव्हा सर चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत होते, आणि कोंडाबाई पुन्हा सूप भरून घेत होत्या.